बॅरिस्टर आंबेडकर आणि चाकणचा कंत्राटी कामगार

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि २९ जुन्या कामगार कायद्यांची जागा त्यांनी घेतली. मालकांच्या संघटनांनी त्यांचे स्वागत केले, बहुतेक कामगार संघटनांनी निषेध केला, आणि दोन्ही बाजूंची पत्रके वाचून सामान्य वाचकाने वर्तमानपत्राचे पान उलटले. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात मात्र हा विषय इतक्या लवकर मिटण्यासारखा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, साठीच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने येथील शेतजमिनी कारखान्यांसाठी संपादन केल्या, बजाज आणि टेल्को आल्या, आणि पुढे मोटारउद्योगाचा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकणकडे वळला. येथील असंख्य घरांचा महिन्याचा हिशेब कारखान्याच्या पगारावर चालतो.

माझ्या वर्गात रात्रपाळी करून सकाळी तासाला बसणारी मुले आहेत. अशाच एका विद्यार्थ्याला मी एकदा विचारले, की तुझा मालक कोण? त्याने थोडा वेळ विचार करून कंत्राटदाराचे नाव सांगितले आणि मग म्हणाला, “सर, कंत्राटदार बदलतात. मशीन तेच राहते.” अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या उत्तराला जागा नाही. कायद्याच्या पुस्तकात ती असावयास हवी होती. हे दोन्ही ग्रंथ एकाच वेळी हातात धरून ज्याने हिंदी कामगाराच्या स्थितीचा विचार केला, अशा एका बॅरिस्टराची आठवण त्यामुळे अपरिहार्यपणे होते. दरवर्षी १४ एप्रिलला या पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. त्यांनी कामगार कायद्याबद्दल काय म्हटले होते, याची चौकशी मात्र फारशी होत नाही.

ग्रेज इनमधील दोन बॅरिस्टर

इंग्लंडमध्ये वकिलीतून राजकारणात आणि राजकारणातून उमरावांच्या सभागृहात जाण्याची एक रुळलेली वाट आहे. एफ. ई. स्मिथ हे तिचे ठळक उदाहरण. ग्रेज इनमधून १८९९ साली ते बॅरिस्टर झाले, १९०६ साली पार्लमेंटमध्ये निवडून आले, १९१९ साली लॉर्ड चॅन्सलर होऊन लॉर्ड बर्कनहेड बनले आणि १९२४ ते १९२८ या काळात हिंदुस्थानचे कारभारी मंत्री होते. एकही हिंदी सभासद नसलेले सायमन कमिशन त्यांच्याच कारकिर्दीत नेमले गेले. त्या कमिशनपुढे ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात साक्ष देण्यास उभे राहिलेले डॉ. भीमराव आंबेडकर हेही ग्रेज इनचेच बॅरिस्टर होते. ते १९२२ साली बॅरिस्टर झाले होते.

एकाच संस्थेतून बाहेर पडलेल्या या दोन वकिलांच्या वाटा कशा भिन्न होत्या, हे सांगण्याची आवश्यकता नाही. बर्कनहेड यांच्यासाठी वकिली ही सत्तेच्या जिन्याची पहिली पायरी होती. आंबेडकरांना वकिलीची सनद काढण्यासाठीही मित्राकडून पैसे घ्यावे लागले. मुंबईच्या हायकोर्टात अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर काम देईनात, म्हणून त्यांना जिल्हा कोर्टांतील कामे घ्यावी लागली आणि व्यापारी कायद्याचे वर्ग चालवावे लागले. तथापि त्यांच्याजवळ दुसऱ्या बहुतेक बॅरिस्टरांजवळ नसलेले एक शास्त्र होते. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकविले होते, आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. ही पदवी दिली होती. वकील कराराकडे पाहतो तेव्हा त्याला दोन पक्षांच्या सह्या दिसतात. अर्थशास्त्रज्ञाने त्यापुढे जाऊन दोन्ही पक्षांची गरज किती आहे, हे पाहावे अशी अपेक्षा असते. आंबेडकरांच्या सार्वजनिक कार्यात या दोन दृष्टी एकत्र आल्या.

न्यायालयातून कायदेमंडळात

वकील म्हणून त्यांचे एक गाजलेले काम पुण्यातच झाले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे व त्यांचे सहकारी यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली होती. १९२६ साली पुण्याच्या सेशन्स कोर्टात आंबेडकरांनी त्यांचे अपील चालविले आणि आरोपी निर्दोष सुटले. परंतु अशा विजयाची मर्यादाही त्यांच्या ध्यानात आली असली पाहिजे. न्यायालयात एकेका माणसाला न्याय मिळतो, आणि तोही असलेल्या कायद्यानुसार मिळतो. कायदाच एका बाजूला झुकलेला असेल तर उत्तम वकीलसुद्धा फार काही करू शकत नाही.

१९२७ पासून ते मुंबई कायदे कौन्सिलात नियुक्त सभासद होते. १९२८ साली कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात तो पक्ष यशस्वी झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. केवळ दलितांचे पुढारी म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनी या पक्षाचे नाव पुन्हा एकदा वाचावे.

यानंतरचा प्रसंग आजच्या चर्चेशी थेट निगडित आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संपापूर्वी समेटाची लांबलचक कार्यपद्धती सक्तीची करावी आणि ती न पाळता केलेला संप बेकायदा व शिक्षापात्र ठरवावा, असा त्याचा मथितार्थ होता. आंबेडकरांनी त्यावर जे भाषण केले ते शुद्ध वकिली पद्धतीचे होते, आणि म्हणूनच ते प्रभावी ठरले. संप म्हणजे काय, असा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला. संप म्हणजे नोकरीचा करार मोडणे. करार मोडणे हा दिवाणी स्वरूपाचा दोष आहे आणि त्याची भरपाई मागता येते. परंतु कायदा कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावीत नाही. मग दिवाणी दोषाला फौजदारी गुन्हा बनविणे म्हणजे माणसाला शिक्षेच्या भयाने कामावर जुंपणेच होय, आणि अशा सक्तीच्या श्रमाला गुलामगिरीवाचून दुसरे नाव नाही. संपाचा हक्क म्हणजे आपल्याला पटेल त्या अटींवरच सेवा करण्याचे स्वातंत्र्य, आणि स्वराज्य मागणाऱ्यांनी ते नाकारणे विसंगत आहे, असे त्यांनी सत्तारूढ पक्षाला बजावले.

या युक्तिवादामागे इतिहास होता. कामगाराने करार मोडल्यास त्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद असलेला १८५९ चा कायदा आपल्या देशात १९२५ च्या निरसन कायद्यापर्यंत जिवंत होता. पुढच्या दाराने घालविलेले तत्त्व मागच्या दाराने पुन्हा आत येत आहे, ही त्यांची भीती निराधार नव्हती. विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. एरवी ज्यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते ते कम्युनिस्ट पुढारी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते. विधेयक मात्र मंजूर झाले.

मजूरमंत्री आणि वरिष्ठ सभागृह

विरोधी बाकांवरील वक्त्याच्या हाती सत्ता आली म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. जुलै १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. या चार वर्षांतील कामाची यादी मोठी आहे. कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. रोजगार विनिमय केंद्रांचा पाया घातला गेला. १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीने निरनिराळ्या धंद्यांतील मजुरांच्या स्थितीची तपशीलवार पाहणी केली आणि कंत्राटी मजुरीच्या दुखण्याकडेही लक्ष वेधले. १९४३ साली त्यांनी कामगार संघटनांना मालकांनी मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मांडले. ते १९४७ साली कायद्याच्या रूपाने संमत झाले, परंतु कधीच अमलात आले नाही.

मार्च १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी जो विचार मांडला, तो मला या साऱ्यांत अधिक महत्त्वाचा वाटतो. बेकार माणसापुढे कामाचे तास अनिश्चित असलेली आणि संघटनेत जाण्यास मनाई असलेली नोकरी ठेवली, तर तो काय निवडील? उपासमारीच्या भीतीने तो आपले हक्क सोडून देईल. तेव्हा राज्याने मध्ये पडू नये असे म्हणणे म्हणजे जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य देणे होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. भुकेपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, हा तो सिद्धांत आहे. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली, आणि १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावे लागणे हीही वेठच होय, असा निर्णय दिला. आर्थिक निकड हीसुद्धा सक्तीच असते, हे तत्त्व अशा रीतीने न्यायालयानेही मान्य केले.

१९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर आंबेडकर १९५२ साली मुंबईतून आणि १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची निवडणूक हरले. संसदेत ते राहिले ते राज्यसभेचे सभासद म्हणून. १९५२ साली ते तेथे निवडून गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन पावले तेव्हाही त्याच सभागृहाचे सभासद होते. या अखेरच्या वर्षांत आपल्या परिसराशीही त्यांचा संबंध आला. तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता, आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या देहूरोडभोवती आज कारखान्यांचे जाळे आहे.

वरिष्ठ सभागृहाचे प्रयोजनच असे, की लोकमताच्या लाटेत वाहून न जाता कायद्याचे कलम न् कलम तपासणारे लोक तेथे असावेत. श्रमसंहितांपैकी तीन विधेयके लोकसभेने २२ सप्टेंबर २०२० रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी मंजूर केली. आठ सभासदांच्या निलंबनाच्या निषेधार्थ त्या वेळी विरोधकांनी बहिष्कार घातला होता. संसदीय स्थायी समितीने आधी या विषयाची छाननी केली होती, हे खरे आहे. परंतु कोट्यवधी माणसांच्या उपजीविकेचे नियम ठरत असताना सभागृहात दुसरी बाजू मांडणारे हजर नव्हते, या गोष्टीचा दोष सरकारकडे जातो तसा बाहेर बसणाऱ्यांकडेही जातो. १९३८ साली आंबेडकरांचा पराभव निश्चित होता, तरीही ते सभागृहात उभे राहून बोलले.

संहिता काय म्हणतात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औद्योगिक संबंध संहितेने सर्व उद्योगांत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आवश्यक केली आहे. पूर्वी अशी सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली, की समेटाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते, आणि ती चालू असताना संप करता येत नाही. समेट फसल्यास कोणताही पक्ष न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो, आणि तेथे प्रकरण प्रलंबित असतानाही संपाला बंदी आहे. म्हणजे संपाचा हक्क कागदावर अबाधित आहे, परंतु तो कायदेशीरपणे बजावण्याचा दिवस उगवणे कठीण आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संपच धरला जाईल. बेकायदा संपाला दंड अथवा एक महिन्यापर्यंत कैद आहे. कैदेची तरतूद १९४७ च्या कायद्यातही होती, तेव्हा सारा दोष नव्या संहितेच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बदल झाला आहे तो संप बेकायदा ठरण्याच्या शक्यतेत. १९३८ च्या विधेयकाची आठवण येथे कोणालाही होईल.

कामगार कपात व कारखाना बंद करण्यासाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागू आहे. १९७६ साली ही अट प्रथम आली तेव्हा मर्यादा ३०० च होती, ती १९८२ च्या दुरुस्तीने १०० झाली, हेही लक्षात ठेवावे. मोठ्या मोटार कंपन्यांना या बदलाने फरक पडणार नाही. तो पडेल भोसरी, तळवडे, कुरुळी, खालुंब्रे येथे त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या मध्यम कारखान्यांत, जेथे आजही संघटना मुश्किलीने उभी राहते.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. साणंद, श्रीपेरुंबुदूर, होसूर येथील कारखान्यांशी चाकणची स्पर्धा आहे. विदेशातून मागणी घटली की पाळ्या कमी कराव्या लागतात, आणि पूर्वसूचनेशिवाय एका विभागात काम थांबले तर सबंध साखळी अडते. १९८९ चा टेल्कोतील संघर्ष आणि २०१३ साली बजाजच्या चाकण कारखान्यात सुमारे ५० दिवस चाललेला संप यांत दोन्ही बाजूंनी काय गमावले, हे या पट्ट्याने पाहिले आहे. शिवाय नव्या संहितांत चांगल्या गोष्टीही आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे झाले आहे. ठराविक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि एका वर्षानंतर उपदानाचा हक्क मिळाला आहे. आंबेडकरांना १९४३ साली हवी असलेली संघटनेची सक्तीची मान्यता संहितेने अखेर दिली आहे. महाराष्ट्राने ती १९७१ च्या आपल्या कायद्यानेच, ३० टक्के सभासदत्वाच्या अटीवर, दिली होती.

परंतु याच तरतुदीत माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न दडलेला आहे. वाटाघाटींचा एकमेव हक्क मिळविण्यासाठी संघटनेला कारखान्याच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. कंत्राटी कामगाराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ते कंत्राटदाराच्या पटावर असते. शिकाऊ उमेदवार तर १९६१ च्या कायद्यानुसार कामगारच नव्हे. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांपैकी ज्यांची नावे त्या पटावर नाहीत, त्यांच्या वतीने कोणाशीही करार होत नाही. कायम कामगारांच्या संघटना तीन वर्षांच्या वेतनकरारावर सह्या करतात, पेढे वाटले जातात, आणि त्याच यंत्रावर दुसऱ्या पाळीत उभा राहणारा तरुण ही बातमी वर्तमानपत्रात वाचतो. हा दोष एकट्या मालकांचा नाही. संघटनांनीही अनेक ठिकाणी कंत्राटी माणसाला आपला मानलेले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल असे आश्वासन देण्यात आले. ज्याचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपणार आहे, ज्याने खोलीचे भाडे आणि गावाकडच्या कर्जाचा हप्ता याच पगारातून द्यावयाचा आहे, तो अशा कागदावर सही करण्यास नकार देईल काय? १९४७ च्या त्या निवेदनातील प्रश्न हाच आहे.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. संहितांची परिणामकारकता राज्याच्या नियमांवर व त्यांच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहणार आहे. एकाच कारखान्यात सलग काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराची नोंद कंत्राटदार बदलला तरी अखंड राहावी, आणि वाटाघाटीच्या मेजावर त्याच्या प्रतिनिधीला जागा असावी. जादा कामास नकार दिला म्हणून कोणाचे काम गेले, तर तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी. या तीन गोष्टींनी उद्योग बुडणार नाहीत. कायम आणि कंत्राटी यांतील दरी कायम ठेवून मिळणारी स्वस्ताई मात्र एका पिढीचे कौशल्य, आरोग्य आणि बचत खाऊन टाकते, आणि तिची किंमत शेवटी याच शहराला मोजावी लागते.

या मागण्या फाटकापुढच्या घोषणांनी पुऱ्या होणार नाहीत. त्यांसाठी नियमांचा मसुदा वाचणारे, त्यावर मुदतीत लेखी हरकती देणारे आणि आपल्या आमदार-खासदारांना कलमाच्या क्रमांकासह प्रश्न विचारणारे लोक हवेत. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हे काम करू शकतात, कारण लिहिणे-वाचणे हा त्यांचा रोजचाच उद्योग आहे. त्या विद्यार्थ्याने नंतर माझ्याकडे औद्योगिक संबंध संहितेची प्रत मागितली. परीक्षेत ती विचारली जाणार नाही, हे मी त्याला सांगितले. तरीही तो ती घेऊन गेला.